फुकटचं चिकन पडलं 1,850ला

आमच्या ग्रुपमध्ये कुणी कुणाला नावाने हाक मारत नाही, गावाने मारतं. त्यामुळे कोल्हापूर, नागपूर, सदाशिव पेठ आणि मी, म्हणजे चिपळूण, असे आम्ही चौघं त्या शुक्रवारी संध्याकाळी कर्वेनगरातल्या एका नव्याकोऱ्या फ्राइड चिकनवाल्याच्या बाहेर रांगेत उभे होतो. शुक्रवारच का? तर शनिवार कोल्हापूर पाळतो, रविवारी नागपूरची टेस्ट सिरीज असते. आणि सदाशिव पेठेच्या घरी अंडंसुद्धा चालत नाही, पण ‘बाहेर चालतं’, त्यामुळे त्याला वार लागत नाही.

हॉटेलचं नाव लिहीत नाहीये. लिहिलं तर पुढचा मजकूर एक तर जाहिरात वाटेल, नाही तर खुन्नस. दोन्ही नाही. दोन महिन्यांपूर्वी तिथे झेरॉक्सचं दुकान होतं. आता काळी भिंत, लाल निऑन आणि डोळ्यांतून जाळ निघणारा कोंबडा आहे. असले गाळे सध्या इतके दिसतात, की तुमच्या डोळ्यांसमोर जो आला असेल तोच समजा.

मेन्यू एका पानाचा. चिकन टेंडर्स, म्हणजे बोनलेस लांबडे तुकडे, खाली पांढऱ्या ब्रेडची स्लाइस आणि वर आंबट काकडीच्या चकत्या. दोन तुकड्यांचे 289 रुपये. (आमच्या मेसची थाळी 80ची. हा हिशेब मी मनात केला, नागपूरने मोठ्याने केला.) खरा मामला त्याच्या खाली होता. लेव्हल 0 ते लेव्हल 5. शून्यात तिखट नाहीच, तीनपर्यंत मिरच्यांची चित्रं, चारला कवटी. आणि पाचसमोर चित्रच नाही, फक्त ‘काउंटरवर फॉर्म भरा’.

कोल्हापूरने तो फॉर्म लांबूनच बघितला आणि आम्हाला कळलं, की आजची संध्याकाळ गेली.

रांगेत चाळीस मिनिटं उभं राहिलं की माणूस मोबाइलवर काहीही वाचतो. मी हे चिकन कुठून आलं ते वाचलं, आणि स्टोरी भारी आहे. अमेरिकेत टेनेसी राज्यात नॅशव्हिल नावाचं शहर आहे, कंट्री म्युझिकचं माहेरघर. तिथे 1930च्या दशकात थॉर्नटन प्रिन्स नावाचे एक कृष्णवर्णीय गृहस्थ होते. दिसायला देखणे आणि बाहेरख्याली. एकदा रात्रभर भटकून सकाळी घरी आले. मैत्रिणीने काही न बोलता नाश्त्याला चिकन तळलं आणि त्यावर हाताला लागेल तेवढी मिरची ओतली. हेतू स्पष्ट होता, अद्दल घडवायची. पण या गड्याला ते इतकं आवडलं, की भावांना बोलावून खायला घातलं आणि पुढे त्याचं दुकानच काढलं. ही गोष्ट प्रिन्स कुटुंबच सांगतं. त्यात थोडा मसाला घातलेला असेल, पण दुकान खरं आहे आणि आजही चालू आहे. 1980 साली त्याच घराण्यातल्या आंद्रे प्रिन्स जेफ्रीज या बाईंनी ते ताब्यात घेतलं. 2013मध्ये अमेरिकेतल्या जेम्स बिअर्ड फाउंडेशनने त्याला ‘अमेरिकाज क्लासिक्स’ पुरस्कार दिला.

या सगळ्यात एक गोष्ट मला खटकली. जिने ती रेसिपी केली त्या बाईचं नाव कुणालाच माहीत नाही. शिक्षा तिने दिली, डोकं तिचं चाललं, पाटी मात्र प्रिन्सची! नागपूरला हे वाचून दाखवलं तर ती म्हणाली, ‘‘काहून, आपल्याकडे काय वेगळं आहे बे? खानावळ काकूची, बोर्डावर नाव काकाचं.’’

आणखी एक. हे चिकन कितीतरी वर्षं नॅशव्हिलच्या कृष्णवर्णीय वस्त्यांपुरतंच होतं. शहर दोन भागांत वाटलेलं, गोऱ्यांची हॉटेलं वेगळी, यांची वेगळी. बाकीच्या शहराने त्याचं कौतुक सुरू केलं ते फार उशिरा. 2007मध्ये तिथल्या महापौरांनी हॉट चिकनचा फेस्टिव्हल भरवला. 2016मध्ये केएफसीने ‘नॅशव्हिल हॉट’ अख्ख्या अमेरिकेत विकायला काढलं. आणि आता ते कर्वेनगरात झेरॉक्सच्या गाळ्यात.

असो. आमचा नंबर आला.

नागपूरने लेव्हल 2 घेतली, मी 1, सदाशिव पेठेने काहीही न बोलता 3. कोल्हापूरने पेन मागितलं.

फॉर्मवर वय 18च्या वर आहे का, दमा आहे का, हृदयाचा त्रास, पोटाचा त्रास, गरोदर आहात का, असे प्रश्न होते. त्याने खटाखट सगळीकडे ‘नाही’वर टिक केलं. गरोदरवर पण केलं, आम्ही हसलो. नियम असा, की तीन तुकडे दहा मिनिटांत संपवायचे. मध्ये पाणी नाही, दूध नाही, ब्रेड नाही. जिंकलं तर 549चं बिल माफ आणि भिंतीवर फोटो. भिंतीवर तेव्हा सात फोटो होते. सातही मुलगे.

‘‘अरं, आमच्याकडं सकाळी सकाळी मिसळ खात्यात,’’ कोल्हापूर काळे हातमोजे चढवत म्हणाला. ‘‘ह्ये काय चिकन-बिकन!’’

मी मोबाइल आडवा धरला आणि रेकॉर्डिंग सुरू केलं. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

आता चवीचं सांगते, कारण त्यासाठीच गेलो होतो. माझी लेव्हल 1 खरंच सुंदर होती. वरचं कव्हर कुरकुरीत, चावलं की कडकन आवाज, आत मांस पांढरंशुभ्र आणि ओलं. तिखट आधी लागतच नाही. आधी गोडसर, मग लसूण, मग खारट, आणि गिळल्यावर घशात हळूच एक ऊब. आंबट काकडी खाल्ली की तोंड परत स्वच्छ. खालचा ब्रेड सुरुवातीला मला फालतू वाटला होता. पण तळणीचं लाल तेल पिऊन तो असा काही झाला होता, की शेवटी मी आणि नागपूर त्याच्यावरूनच भांडलो. मिसळीच्या कटात बुडवून ठेवलेला पाव आठवा. अगदी तेच.

नागपूरच्या लेव्हल 2मध्ये मिरची पुढे येते, पण चव टिकून असते. 3चा मी एक घास घेतला आणि मला चिकन लागलंच नाही, फक्त मिरची लागली. सदाशिव पेठ मात्र शांतपणे खात होता. कपाळावर घाम, नाकातून पाणी, चेहरा तोच. त्याला विचारलं, कसंय? म्हणाला, ‘‘बरं आहे. किंचित साखर हवी होती.’’

कोल्हापूरचा पहिला तुकडा दीड मिनिटात गेला. टाळ्या वाजल्या. दुसऱ्या तुकड्यावर तो बोलायचा थांबला. कोल्हापूर बोलायचा थांबलाय असं तीन वर्षांत पहिल्यांदाच घडत होतं. मग उचकी लागली. मग कान लाल झाले, अक्षरशः टोमॅटोसारखे. आजूबाजूच्या टेबलांवरचे पण मोबाइल काढून उभे राहिले. शेवटचा घास त्याने आठ मिनिटं चाळीस सेकंदांना गिळला. बेल वाजली, फोटो निघाला, भिंतीवर आठवा मुलगा चिकटला. ‘‘नाद नाय करायचा,’’ एवढंच तो म्हणाला, तेही अर्धंच.

मग 180 रुपयांचे दोन मिल्कशेक प्यायला. हॉटेलवाल्याला बिल माफ करणं का परवडतं, ते इथे कळतं.

इथे एक प्रश्न मला रात्री रिक्षात पडला होता. ज्या मुलाने लहानपणापासून तांबडा रस्सा ओरपलाय, त्याची ही अवस्था का व्हावी? नंतर शोधलं, तेव्हा कळलं, की आपला आणि त्या लेव्हल 5चा सामना एका मैदानावरचा नाहीच. तिखटपणा मोजायची एक पद्धत आहे, विल्बर स्कोव्हिल नावाच्या अमेरिकन फार्मासिस्टने 1912मध्ये काढलेली. नॅशव्हिलच्या चिकनमध्ये जी केयेन मिरची वापरतात, ती या मापात साधारण 30 ते 50 हजारांत बसते. ईशान्येकडची भूत जोलोकिया 2007मध्ये गिनेस बुकात गेली, ती दहा लाखांच्या वर. 2023चा विक्रम ‘पेपर एक्स’चा, जवळपास 27 लाख. आणि मिरचीतला तिखट अर्क, कॅप्सेसिन, शुद्ध स्वरूपात काढला तर 1 कोटी 60 लाख. त्या अर्काचे थेंब टाकले की कुठलाही पदार्थ कुठल्याही लेव्हलला नेता येतो. त्यासाठी स्वयंपाक यावा लागत नाही.

आणि तांबड्या रस्स्यात मिरची एकटी नसते. खोबरं असतं, तीळ असतात, वर तेलाचा कट असतो, हातात भाकरी असते, शेजारच्या वाटीत नारळाच्या दुधाचा पांढरा रस्सा असतो. कॅप्सेसिन पाण्यात विरघळत नाही, स्निग्ध पदार्थात विरघळतं. आपल्या आज्यांनी हे कुठल्या लॅबमध्ये न जाता ताटात मांडून ठेवलंय. पाणी प्यायलं की आग उलट तोंडभर पसरते. दूध-दह्याने ती शमते, कारण दुधातलं केसीन हे प्रोटीन त्या कॅप्सेसिनला धरून घेऊन जातं.

मुळात तिखट ही चवच नाही. आपल्या तोंडात गरम वस्तूची वर्दी देणारी एक यंत्रणा असते, जी साधारण 43 अंश तापमानाला ‘भाजतंय’ असा निरोप मेंदूला पाठवते. कॅप्सेसिन तीच घंटा खोटी वाजवतं. याच शोधासाठी डेव्हिड ज्युलियस यांना 2021चं नोबेल मिळालं, आर्देम पातापुतियन यांच्यासोबत. म्हणजे कोल्हापूरच्या मेंदूला आठ मिनिटं चाळीस सेकंद असंच वाटत होतं, की तोंडाला खरोखर आग लागलीय. गंमत म्हणजे पक्ष्यांमध्ये या घंटेवर कॅप्सेसिनचा परिणाम होत नाही. ज्या कोंबडीला आपण एवढं तिखट लावतो, तिने जिवंतपणी तीच मिरची दाण्यासारखी टिपली असती.

रात्री 2 वाजून 40 मिनिटांनी ग्रुपवर त्याच्या रूममेटचा मेसेज आला. ‘कॅज्युअल्टीत आहे. पोटात जाम दुखतंय. तीनदा उलटी.’

आमच्या पीजीचं गेट साडेदहाला बंद होतं. नागपूर आणि मी नुसत्याच बेडवर उठून बसलो. सदाशिव पेठ ॲक्टिव्हा काढून गेला, आईला काय सांगून गेला देव जाणे. तिथून त्याचे मेसेज येत राहिले. ईसीजी काढला. नॉर्मल आला. सलाइन लावलं. इंजेक्शन दिलं. मग कळलं, की कोल्हापूर वर्षभर ॲसिडिटीच्या गोळ्या खातोय, मेडिकलमधून स्वतःच आणून. एकदा उलटीतून थोडं रक्तही आलं होतं. ‘पोटाचा त्रास’वर त्याने ‘नाही’ टिक केलं होतं, ते आम्ही हसत होतो तेव्हाच. सकाळी दहाला त्याचा ऑनलाइन इंटरव्ह्यू होता, हेही तेव्हाच कळलं.

झोप लागेना म्हणून मी व्हिडिओ लावला. सहा मिनिटं बारा सेकंदांना कोल्हापूर मान वर करतो आणि कॅमेऱ्याकडे बघतो. कॅमेऱ्याकडे म्हणजे माझ्याकडे. दोन-तीन सेकंद. बघताना काही बोलत नाही, पण तो विचारतोय हे मोबाइलच्या स्क्रीनवरसुद्धा दिसतं. आणि मग माझाच आवाज येतो, ‘‘चल ना भावा, एकच तुकडा राहिलाय!’’

तिथे बसून मला ते दिसलं नव्हतं. मी फ्रेम बघत होते.

पहाटे मी उगाचच शोधत बसले आणि नको ते वाचलं. 2023मध्ये अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समध्ये 14 वर्षांचा एक मुलगा असंच अतितिखट चिपचं चॅलेंज करून गेला. त्याच्या हृदयात जन्मजात दोष होता, तो त्याला माहीत नसावा. ती चिप नंतर बाजारातून मागे घेतली. 2024मध्ये डेन्मार्कने ते फेमस कोरियन बुलडाक नूडल्सचे तीन प्रकार दुकानांतून काढायला लावले होते, कॅप्सेसिन जास्त आहे म्हणून. पुढे त्यातल्या काहींवरची बंदी उठवलीही. तेव्हा आम्ही सगळे हसलो होतो, की डॅनिश लोकांना साधं तिखट सोसत नाही. तो मीम मीच फॉरवर्ड केला होता.

सकाळी सातला कोल्हापूरला सोडलं. बिल 1,850 रुपये. फॉर्म्युला सोपा आहे, 549चं चिकन फुकट.

पुढच्या बुधवारी दुपारी मी तिथे एकटीच गेले. गर्दी नव्हती. का गेले, नीट सांगता येणार नाही. भांडायला म्हणावं, तर फॉर्मवर सही आमच्याच माणसाची होती. लेव्हल 1 मागवली. तळणीवरचा मुलगा रिकामा होता, वयाने आमच्याएवढाच, परभणीकडचा. बोलायला लागला. चिकन रात्रभर ताकासारख्या पातळ दह्यात मीठ घालून ठेवतात. मग मैदा आणि कॉर्नफ्लोअर दोनदा लावायचं. कव्हर सुटू नये म्हणून तळायच्या आधी दहा मिनिटं तसंच ठेवायचं. कढईतलंच गरम तेल मिरची पावडर, ब्राउन शुगर आणि लसणाच्या पावडरीवर ओतायचं आणि ब्रशने चिकनला लावायचं. लेव्हल 1 ते 4 याच भांड्यातून होतात, मिरची फक्त कमी-जास्त. ‘‘आणि 5?’’ विचारलं. त्याने शेल्फवरची छोटी काळी बाटली दाखवली. ड्रॉपरवाली. तिला हात लावताना तो दोन हातमोजे घालतो. पहिल्या आठवड्यात चुकून डोळ्याला बोट लागलं होतं, तर अर्धी शिफ्ट नळाखाली गेली.

‘‘सगळ्यात जास्त डस्टबिनमध्ये काय जातं माहितीय का मॅडम?’’ तो म्हणाला. ‘‘लेव्हल 5. तिसरा तुकडा कुणीच खात नाही. एवढं मॅरिनेट करून, एवढं मापात तळून.’’ त्याला त्याचं वाईट वाटत होतं, हे दिसत होतं. तो स्वतः दुपारच्या जेवणात लेव्हल 1चा तुकडा डब्यातल्या ज्वारीच्या भाकरीत घालून, वर कांदा घेऊन खातो. मला अर्धी भाकरी दिली. खरं सांगू, त्या मेन्यूवरचं सगळ्यात चांगलं चिकन तेच होतं, आणि ते मेन्यूवर नाहीये.

भिंतीवर आता अकरा फोटो होते. अकरापैकी एक मुलगी. कोल्हापूर आठव्या नंबरवर, डोळे लाल, अंगठा वर.

कोल्हापूरने तो इंटरव्ह्यू दिला. टेबलाखाली ताकाचा तांब्या ठेवून, हातावर सलाइनची पट्टी तशीच, शर्टाची बाही खाली ओढून. सेकंड राउंडचा मेल अजून आलेला नाही. डॉक्टरांनी एंडोस्कोपी सांगितलीय, ती तो ‘परीक्षेनंतर’ म्हणतोय. नागपूरने घरी फोन करायची धमकी दिल्यावर तारीख घेतलीय.

रविवारी कट्ट्यावर भेटला तेव्हा पहिला प्रश्न त्याने मला विचारला, ‘‘रील टाकलीस का?’’

नाही म्हटलं. मोबाइल त्याच्या हातात दिला. त्याने सुरुवातीपासून बघितलं, आवाज मोठा करून. सहा-बाराला थांबवलं, मागे नेलं, परत बघितलं. मी चहाच्या कपाकडे बघत होते.

‘‘डिलीट नगं करू,’’ तो म्हणाला. ‘‘पण टाकू पण नगं.’’

मग थोडा वेळ कुणी काही बोललं नाही. चहा संपल्यावर त्यानेच विचारलं, ‘‘तो भाकरीवाला कधी असतोय ड्युटीवर?’’

‘‘दुपारी,’’ मी म्हटलं. ‘‘शनिवार सोडून जाऊ.’’